गावाजवळून महामार्ग जातोय: नागपूरच्या आसपासच्या गावांत वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नागपूर फुगतंय आणि त्याच्या वाढीचे रस्ते हिंगणा, कामठी, मौदा, उमरेड, काटोल, सेलूच्या वावरांतून निघतायत. नागपूर महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाच्या हद्दीतच ७१९ गावं आहेत. खाली दिलेले प्रश्न पारावर, तहसीलच्या व्हरांड्यात आणि ग्रामसभेत पुन्हापुन्हा कानावर येतात तसेच मांडले आहेत. बहुतेक जण मोबदल्याचं विचारतात, आणि ते बरोबरच आहे. पण रस्ता झाल्यावर तो ओलांडायचा कसा, हे विचारणारा क्वचितच भेटतो. पैसे एकदा येतात आणि खर्चून जातात. रस्ता मात्र बैल, बंडी, पोरं आणि पावसाचं पाणी घेऊन रोज ओलांडावा लागतो.

आमच्या वावरात खुंटे ठोकून गेले. जमीन गेलीच समजायची का?

नाही. खुंटे सर्वेक्षणाचे असतात. दोन-तीन आखण्या तपासतात, त्यातली एक राहते. कायद्याचा हात जमिनीवर पडतो तो अधिसूचनेने.

राष्ट्रीय महामार्ग असेल तर १९५६ चा राष्ट्रीय महामार्ग कायदा लागतो. आधी ‘थ्री-ए’ निघते, म्हणजे कलम ३-ए ची अधिसूचना, जमीन घेण्याचा इरादा. ती राजपत्रात येते आणि तिचा गोषवारा दोन स्थानिक वर्तमानपत्रांत छापतात, त्यातलं एक मराठी. त्यानंतर ‘थ्री-डी’. ती निघाली की जमीन केंद्र सरकारची झाली, मग सातबाऱ्यावर तुमचं नाव दिसत असलं तरी. थ्री-ए नंतर एका वर्षात थ्री-डी निघाली नाही तर थ्री-ए आपोआप गळून पडते. शेवटी ‘थ्री-जी’, म्हणजे मोबदल्याचा निवाडा.

अडचण अशी की ती जाहिरात पानभर बारीक अक्षरांत असते आणि त्याच पेपरात बांधलेली भजी खाऊन आपण कागद फेकून देतो. गावातल्या एका शिकलेल्या पोराकडे रोज पेपर चाळायचं काम सोपवा आणि उपविभागीय अधिकारी कार्यालयात दर पंधरवड्याला चौकशी करा.

समृद्धीसारखा राज्याचा रस्ता असेल तर महाराष्ट्र महामार्ग कायदा, १९५५ लागतो. त्यातले टप्पे वेगळे आहेत. नोटिशीत मुदत लिहिलेली असते, ती आधी वाचा.

आक्षेप घेतला तर रस्ता थांबतो का?

सहसा थांबत नाही. पण आक्षेप न घेणं हा शुद्ध तोटा. थ्री-ए राजपत्रात आल्यापासून २१ दिवसांत लेखी आक्षेप देता येतो, आणि तो दिला की सक्षम प्राधिकाऱ्याला (भूसंपादन करणाऱ्या अधिकाऱ्याला) सुनावणी द्यावीच लागते. ‘आमचा रस्त्याला विरोध आहे’ एवढंच लिहिलेला अर्ज एका ओळीत निकाली निघतो. त्याऐवजी लिहा: गट नंबर अमुक, विहीर आखणीच्या मधोमध येते, आखणी अमुक बाजूला सरकवली तर ती वाचते, सोबत नकाशा. असा अर्ज निदान वाचावा तरी लागतो. पोच घेतल्याशिवाय टेबलापासून हलू नका.

ग्रामसभेच्या ठरावाने राष्ट्रीय महामार्ग रोखता येत नाही. गडचिरोलीसारख्या अनुसूचित क्षेत्रात मात्र पेसा कायद्याप्रमाणे भूसंपादनाआधी ग्रामसभेशी सल्लामसलत व्हायला हवी. तिथल्या गावांनी हा मुद्दा सोडू नये.

मोबदला नेमका कसा काढतात?

१ जानेवारी २०१५ पासून राष्ट्रीय महामार्गासाठीही मोबदला २०१३ च्या भूसंपादन कायद्याच्या हिशेबाने निघतो. आधी बाजारभाव ठरतो. रेडीरेकनरचा दर आणि आसपासच्या तशाच जमिनींच्या खरेदीखतांची सरासरी, यांपैकी जास्त असेल तो. सरासरीसाठी मागच्या तीन वर्षांची खरेदीखतं काढतात आणि त्यातली जास्त किमतीची अर्धी धरतात. त्या भावाला गुणांक लावतात. ग्रामीण भागासाठी तो १ ते २ यांच्यामध्ये राज्य सरकार ठरवतं. त्यात झाडं, विहीर, घर, उभं पीक यांची किंमत मिळवतात. या सगळ्या बेरजेवर १०० टक्के दिलासा रक्कम. शिवाय मूळ बाजारभावावर वर्षाला १२ टक्के, अधिसूचनेपासून निवाडा किंवा ताबा, जे आधी होईल तोपर्यंत.

समजा एक हेक्टरचा भाव २० लाख निघाला, गुणांक १ आहे आणि झाडं-विहिरीचे ५ लाख झाले. बेरीज २५ लाख, दिलासा आणखी २५, म्हणजे ५० लाख, वर ते १२ टक्के. गुणांक २ असता तर बेरीज ४५ आणि एकूण ९० लाख. फरक केवढा होतो बघा! महाराष्ट्रात हा गुणांक मध्ये बदललेला आहे. म्हणून ‘मामाच्या गावात चारपट मिळाले’ हे ऐकून हिशेब मांडू नका. तुमच्या अधिसूचनेच्या तारखेला कोणता गुणांक लागू होता, ते विचारा.

एक कडू गोष्ट बोलावीच लागेल. मुद्रांक वाचवायला गावात खरेदीखत कमी किमतीचं करतात आणि बाकी रक्कम हातोहात देतात. तेच कागद पुढे अख्ख्या शिवाराचा भाव पाडतात. २५ लाखांचा सौदा ९ लाखांचा दाखवणारे दोघं सुटून जातात आणि त्याची किंमत धुऱ्यापलीकडचा शेतकरी मोजतो.

सातबारा अजून आज्याच्या नावावर आहे. पैसे कोणाला मिळतील?

सध्या तरी कोणालाच नाही. विदर्भात बऱ्याच रकमा इथेच अडकतात. आजा गेला, बाप गेला, फेरफार कोणी केला नाही. वावर तोंडी वाटलेलं, धुरे टाकलेले, पण कागदावर चार भाऊ आणि तीन बहिणी सामाईक. वाटणीवर एकमत झालं नाही तर प्रकरण दिवाणी न्यायालयात जातं आणि रक्कम तिथे पडून राहते.

खुंटे दिसताच वारस नोंदीचा अर्ज टाका. निवाड्याची वाट पाहू नका. बहिणींच्या बाबतीत स्पष्ट सांगायचं तर त्यांचा हिस्सा आहे. ‘पोरींना लग्नात दिलंच की’ हे उत्तर कायद्यात बसत नाही आणि माणुसकीतही बसत नाही. राखीला आलेल्या बहिणीपुढे हक्कसोडपत्राचा कागद न वाचता सरकवणं ही आपल्याकडची जुनी खोड आहे. ती सही तिनं समजून-उमजून दिली तर ठीक, नाहीतर तिच्या नावाची रक्कम तिच्या खात्यात जाऊ द्या. लपवलेला वारस शेवटच्या दिवशी आक्षेप घेतो आणि सगळ्यांचेच पैसे थांबतात.

संयुक्त मोजणीच्या दिवशी काय करायचं?

घरी थांबायचं, म्हणजे वावरात. लग्न-तेरवी काहीही असो. त्या दिवशी भूमी अभिलेखचा भूकरमापक, महसूलचा माणूस आणि रस्त्यावाल्यांचा प्रतिनिधी येतो. त्यांच्या कागदावर जे चढतं तेच पुढे पैशात बदलतं.

आदल्या दिवशी प्रत्येक झाडाच्या बुंध्याला चुन्याने नंबर टाका. संत्र्याचा बगीचा असेल तर कोणत्या साली लागवड केली, नर्सरीची पावती, आंबिया आणि मृग बहाराच्या विक्रीच्या पट्ट्या असं सगळं एका पिशवीत ठेवा. फळ देणारं झाड आणि दोन वर्षांचं रोप यांच्या किमतीत जमीन-अस्मानाचा फरक असतो. मोसमात फळांनी लदलेल्या झाडाचा फोटो हजार शब्दांच्या अर्जापेक्षा भारी पडतो. धुऱ्यावरचे सागवान, बाभूळ, कडुनिंब, मोहाचं झाड सुटू देऊ नका. विहीर आणि बोअर सातबाऱ्यावर चढलेले नसतील तर आधी चढवून घ्या. जमिनीखालची ठिबकची मेन लाइन कोणालाच दिसत नाही, ती तुम्हीच उकरून दाखवायची. पंचनामा वाचल्याशिवाय सही करायची नाही, आणि काही सुटलं असेल तर सहीच्या वर तसं लिहायचं.

मधोमध रस्ता गेला. एक चिंचोळा तुकडा पलीकडे उरला. त्याचं काय?

वावराचे तुकडे पडल्यामुळे होणारं नुकसान मोबदल्यात धरायची तरतूद १९५६ च्या कायद्यात आहे. ते कोणी आपणहून देत नाही. थ्री-जीच्या वेळी दावे मागवतात तेव्हा लेखी मागा: विहीर अलीकडे, सोळा गुंठे पलीकडे, ओलीत बंद, बैल न्यायला दोन किलोमीटरचा फेरा.

निवाडा पटला नाही तर?

पैसे उचला, पण ‘हक्क राखून स्वीकारत आहे’ असं लिहून. नंतर केंद्र सरकारने नेमलेल्या लवादाकडे जा. हे काम सहसा वरिष्ठ महसूल अधिकाऱ्याकडे असतं. त्यानंतर जिल्हा न्यायालय. २०१५ च्या आधी ज्यांची जमीन राष्ट्रीय महामार्गात गेली आणि दिलासा रक्कम मिळालीच नाही, त्यांनी जुना निवाडा वकिलाला दाखवावा. ती रक्कम नाकारणारं कलम सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये तरसेम सिंग प्रकरणात रद्द ठरवलं आहे.

महामार्गाखालून जायचा बोगदा कुठे द्यायचा हे कोण ठरवतं? आम्ही मागू शकतो का?

मागू शकता, आणि हा या पानावरचा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न आहे.

सल्लागार कंपनी नकाशावर बसून मोठे रस्ते जिथे महामार्गाला छेदतात तिथे बोगदे काढते. पांदण रस्ता, म्हणजे वावरांत जायची गावची वाट, तिला दिसतोच असं नाही, कारण बऱ्याच पांदणी सरकारी नकाशात बारीक तुटक रेघेसारख्या असतात आणि जागेवर अतिक्रमणात बुजलेल्या. तुमच्या गावची अर्धी वावरं त्या पांदणीने जोडलेली असतात हे तिला कोण सांगणार? म्हणून प्रकल्प अहवाल तयार होत असतानाच ग्रामपंचायतीने एक कागद द्यायचा: गावनकाशावर लाल पेनने पांदण, पलीकडे किती खातेदारांची वावरं, किती जनावरं चरायला जातात, शाळेत किती मुलं जातात, स्मशानभूमी कोणत्या बाजूला. हे आकडे गावाने स्वतः मोजायचे. रस्ता उभा राहिल्यावर बोगदा मागणं म्हणजे भरावाला भोक पाडायला सांगणं, त्याला कोणी तयार होत नाही.

उंचीचं भान ठेवा. लहान वाहनांच्या बोगद्याला साधारण ४ मीटर उंची ठेवतात, मोठ्या वाहनांसाठी ५.५ मीटर. जुने बोगदे याहून ठेंगणे आहेत. बंडी आणि ट्रॅक्टर निघून जातो, पण कापसाने फुगलेली गाडी आणि सोयाबीन-चण्याला येणारा हार्वेस्टर अडतो. हार्वेस्टर पलीकडे गेला नाही तर मजूर शोधत फिरावं लागतं, हे ठाऊक असलेल्या माणसाने बैठकीत बोलावं. बोगद्याचा तळ शेजारच्या नाल्यापेक्षा वर हवा, हेही लेखी मागा. नाहीतर जुलै ते सप्टेंबर त्यात गुडघाभर पाणी आणि पोरं पुन्हा महामार्गावरून उड्या मारत शाळेत.

आणखी एक, फारसं कोणी सांगत नाही ते. भराव पडण्याआधी आडवा मोकळा पाइप टाकून मागा. पुढे विहिरीचं पाणी पलीकडे न्यायचं झालं तर त्यातून पाइपलाइन ओढता येते. नंतर महामार्गाखालून पाइप टाकायचा म्हणजे परवानगी, शुल्क आणि हेलपाटे.

नागपूर–शिवनी रस्त्यावर पेंचच्या जंगलात वाघ-हरणांसाठी महाराष्ट्राच्या हद्दीत नऊ ठिकाणी रस्ता उचलून घेतला आहे, आणि खालून जनावरं खरोखर जातात. तेही सहज मिळालं नाही, प्रकरण उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात गेलं होतं. जंगलाची बाजू मांडणारे कोणीतरी होते. गाईगुरांची आणि शाळकरी मुलांची बाजू ग्रामपंचायतीनेच मांडायची आहे.

रस्ता झाल्यापासून वावरात पाणी साचतं. आधी कधी साचत नव्हतं.

भराव म्हणजे आडवा बांध. उताराचं पाणी आधी शिवारभर पसरून जायचं, आता ते एका मोरीकडे धावतं. मोरी अपुरी किंवा गाळाने भरलेली असेल तर वरच्या अंगाला तुंबतं आणि खालच्या अंगाला धार लागून माती खरडून नेतं. काळ्या मातीत दोन-चार दिवस पाणी राहिलं की तुरीची आणि पऱ्हाटीची मुळं सडतात. पाणी उभं असतानाच फोटो, तलाठ्याचा पंचनामा आणि प्रकल्प संचालकांना अर्ज, तिन्ही करा. उन्हाळ्यात केलेल्या तक्रारीला पुरावा नसतो.

धूळ, हायवा आणि मुरूम: काम चालू असताना कोणाला धरायचं?

धुळीसाठी पाणी मारणं हे कंत्राटदाराचं काम आहे, उपकार नव्हे. दिवसातून किती वेळा टँकर फिरेल ते लिहून घ्या. बोंड फुटायच्या दिवसांत कापसावर धूळ बसली तर भाव पडतो, म्हणून त्या महिन्यांत गावाने जास्त आग्रह धरायचा.

गावचा जिल्हा परिषदेचा रस्ता गिट्टीच्या हायवांनी फोडला की नंतर कोणी ओळख देत नाही. पहिली गाडी येण्याआधी ‘काम संपल्यावर रस्ता पूर्ववत करून देऊ’ असं लेखी घ्या.

मुरूम विकायचा मोह होतो. परवान्याशिवाय विकलात तर दंड जमीनमालकालाही होतो आणि दोन पुरुष खोल खड्डा कायमचा मागे राहतो. त्यापेक्षा बुलढाणा जिल्ह्यात झालं ते मागा: रस्त्यासाठी लागणारी माती-मुरूम गावतलाव आणि नाले खोल करून घेतली, रस्त्याला भराव मिळाला आणि गावाला पाणी. वर्ध्याच्या तामसवाड्यातही याच अंगाने काम झालं आहे. कंत्राटदाराला माती हवीच असते. कुठून घ्यायची हे गावाने आधी सुचवलं तर तो ऐकतो.

एवढी वर्षं का लागतात? अमरावती–अकोल्याचा रस्ता तर पाच दिवसांत केला म्हणे.

अर्धं खरं. जून २०२२ मध्ये लोणी ते माना या पट्ट्यात ७५ किलोमीटर डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटांत टाकला, गिनीज बुकात नोंद झाली. पण तोच रस्ता त्याआधी कित्येक वर्षं रखडला होता, हेही त्या भागातल्या प्रवाशांच्या कमरेला विचारा. डांबर टाकायला दिवस लागतात. वर्षं जातात ती जमीन, विजेचे खांब, पाण्याच्या लाइनी आणि वनखात्याच्या परवानगीत. पूर्व विदर्भात त्यात कागदोपत्री ‘झुडपी जंगल’ म्हणून नोंदलेल्या जमिनींची भर. सर्वोच्च न्यायालयाने २२ मे २०२५ रोजी या जमिनी वनच धरायच्या असं म्हटलं. त्यामुळे ‘समोर पडीक पडलंय, तिथून सर्व्हिस रोड काढा’ म्हणणं सोपं, पण तो सातबारा आधी बघा.

कामांमुळे नागपुरात शिरायलाच तास जातो. दवाखाना, कॉलेज, कळमन्याचा बाजार कसं करायचं?

माल असेल तर रात्री किंवा पहाटे निघा. शहरात जड वाहनांना दिवसा ठरावीक वेळेत बंदी असते. माणसं जाणार असतील तर गाडी शहराच्या तोंडाशी सोडा. वर्धा रोडने येणाऱ्यांना खापरी, हिंगण्याकडून लोकमान्य नगर, कामठीकडून ऑटोमोटिव्ह चौक, भंडाऱ्याकडून प्रजापती नगर: या चारही टोकांना मेट्रो आहे. मेट्रोच्या दुसऱ्या टप्प्यात याच मार्गिका बुटीबोरी, हिंगणा, कन्हान आणि ट्रान्सपोर्ट नगरपर्यंत, एकूण सुमारे ४४ किलोमीटर वाढायच्या आहेत. म्हणजे त्याच रस्त्यांवर पुन्हा खोदकाम. कामठी रोडवरचा दुमजली पूल ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झाला, त्याने वरून जाणाऱ्यांची सोय झाली. चौकात उतरून भाजी विकणाऱ्या बाईला त्याचा उपयोग नाही.

समृद्धी दिसते घरातून. मग दुचाकी, ट्रॅक्टर का चालत नाही?

शिवमडक्यापासून आमण्यापर्यंतच्या ७०१ किलोमीटरवर फक्त ठरावीक इंटरचेंजवरूनच चढता-उतरता येतं, आणि दुचाकी, ऑटो, ट्रॅक्टर, बंडीला बंदी आहे. कारची वेगमर्यादा ताशी १२० किलोमीटर. त्या वेगाच्या गाडीसमोर ट्रॅक्टर आला तर दोघंही संपले. भिंत फोडून चहाची टपरी टाकणाऱ्यांचं मला अजिबात कौतुक नाही. त्याच भगदाडातून रात्री गुरं आणि रोही (नीलगाई) आत शिरतात.

टोल आम्हालाही लागतो का?

राष्ट्रीय महामार्गावर दुचाकी आणि ट्रॅक्टरला सहसा लागत नाही. नाक्यापासून २० किलोमीटरच्या आत राहणाऱ्याला खासगी, बिगर-व्यावसायिक गाडीसाठी सवलतीचा मासिक पास मिळतो. आधार कार्ड आणि आरसी घेऊन नाक्याच्या ऑफिसात जा. १५ ऑगस्ट २०२५ ला ३,००० रुपयांत सुरू झालेला, २०० फेऱ्यांचा वार्षिक फास्टॅग पास समृद्धीवर चालत नाही, कारण तो रस्ता राज्याचा.

रस्त्याच्या कडेला ढाबा टाकावा म्हणतो.

महामार्गाच्या मध्यरेषेपासून ४० मीटरच्या आत बांधू नका आणि ७५ मीटरपर्यंत परवानगीशिवाय बांधू नका. महामार्गावर वाट काढायचीही वेगळी परवानगी लागते. बाकी ढाब्याचं गणित तुमचं तुम्ही करा. बायपास झाला की जुन्या फाट्यावरच्या टपऱ्यांचं काय होतं ते आपण सगळ्यांनी पाहिलंय.

अपघात दिसला तर? पोलिसांचं लचांड मागे लागतं म्हणतात.

२०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात मदत करणाऱ्याला संरक्षण आहे. नाव सांगायची सक्ती नाही. १०८ ला फोन करा, राष्ट्रीय महामार्गावर १०३३. मे २०२५ पासून अपघातग्रस्ताला नेमलेल्या रुग्णालयात सात दिवसांपर्यंत दीड लाखाचे उपचार विनारोख मिळतात. हे रुग्णालयाच्या काउंटरवर ठणकावून सांगावं लागतं, ते लक्षात ठेवा. धडक देऊन पळालेली गाडी सापडलीच नाही तर मृताच्या वारसांना दोन लाख आणि गंभीर जखमीला ५० हजार मिळतात. अर्ज उपविभागीय अधिकाऱ्यांकडे. यासाठी एफआयआर हवाच, म्हणून ‘मिटवून टाका’ म्हणणाऱ्या नातेवाइकाचं ऐकू नका.

नव्या रिंग रोडमध्ये आमचा गट आहे म्हणून दलाल इसार द्यायला बसलाय. घ्यावा का?

आज नको. नागपूरभोवती सुमारे १४८ किलोमीटरच्या बाह्य वळण रस्त्याला आणि हिंगणा तालुक्यात गोधनी-लाडगाव रिठीच्या जागेवरच्या ‘नवीन नागपूर’ला राज्य मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२५ मध्ये मंजुरी दिली. तेव्हापासून असे लोक फिरतायत. ‘रस्त्यात जमीन जाणार, कवडीमोल होणार’ असं तोच म्हणतो आणि तरी त्याला ती घ्यायची असते! गट नंबर घेऊन महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाच्या कार्यालयात नकाशा बघा, तलाठ्याकडून ताजा सातबारा आणि फेरफार काढा. कोऱ्या मुद्रांकावर, मुखत्यारपत्रावर सही नाही. वकिलाला दाखवायला आठ दिवस मागा. तेवढंही थांबायला तो तयार नसेल तर चहा पाजून वाटेला लावा.